पकडवाले काका

आमच्या चाळीत माझी एक ख्याती होती. पोरांना धरायला माझ्यासारखा माणूस नाही, असं सगळे म्हणायचे. उल्हासनगर कॅम्प एकमधली आमची चाळ म्हणजे समोरासमोर खोल्यांच्या दोन रांगा आणि मधे गल्ली. कुणाचं पोर पडलं, डोकं फुटलं, गळू कापायचं आलं, की आई त्याला कडेवर घेऊन आधी आमच्या दाराशी यायची. "भाऊ, चला ना जरा, धरायला."

मी अंबरनाथला एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो, त्यामुळे हाताला जोर आहे. पण हे नुसत्या जोराचं काम नाही, असं मी तेव्हा ऐटीत सांगायचो. पोराची पाठ आपल्या पोटाला लावायची, त्याचे दोन्ही हात छातीवर आडवे दाबून धरायचे, पाय आपल्या पायांत अडकवायचे आणि हनुवटी त्याच्या टाळूवर टेकवायची. मग पोर कितीही उसळलं तरी हलत नाही आणि डॉक्टर निवांत टाके घालतो. माझ्या हातून एकही पोर कधी सुटलं नाही, हे मी लग्नकार्यात, पंगतीत बसून सांगितलेलं आहे.

नाक्यावरच्या दवाखान्यातला कंपाउंडर मला बघून खूश व्हायचा. "आ गये पहलवान," म्हणायचा, "अब काम होगा." डॉक्टर वयस्कर, त्यांच्या हाताला गुण आहे अशी लोकांची श्रद्धा, म्हणून बाहेर कायम गर्दी. मला मात्र कधी रांगेत बसावं लागलं नाही. चाळीतल्या आया पोरांना भरवताना माझा धाक घालायच्या. "खा गपचूप, नाहीतर पकडवाल्या काकांना बोलवीन." मी गल्लीत दिसलो की लहान पोरं आईच्या मागे दडायची आणि आम्ही मोठी माणसं हसायचो. त्या हसण्याची आज मला चीड येते. पोरं मला खरोखर घाबरत होती, आणि आम्हाला त्याची गंमत वाटत होती.

मला स्वतःलाही असंच धरलं होतं. सहा-सात वर्षांचा असताना माझ्या मांडीला गळू झालं, ते कापताना वडिलांनी मला धरलं. "पोरानं हूं की चूं केलं नाही," असं ते पुढे येईल त्या पाहुण्याला सांगायचे. इतक्या वेळा सांगितलं की मलाही ते पटलं. मला स्वतःला आठवायचं ते एवढंच, की वडिलांच्या शर्टाचं बटण माझ्या कानात रुतत होतं.

चार वर्षांपूर्वी, जानेवारीत, आमच्या मुलीचा पाय भाजला. ती तेव्हा सात वर्षांची होती. रॉड लावून तापवलेली पाण्याची बादली मीच मोरीत नेऊन ठेवली आणि विसण घालायला थंड पाणी आणायला वळलो. तेवढ्यात ती घसरली. डावा पाय नडगीपासून घोट्यापर्यंत बादलीत. शेजारच्या बाईंनी धावत येऊन टूथपेस्ट फासली आणि आम्ही ती फासू दिली, कारण आमच्याकडे भाजल्यावर तेच करतात. त्या पायावर तेव्हा साधं नळाचं पाणी सोडायला हवं होतं, हे मला खूप नंतर कळलं. दवाखान्यात कंपाउंडरनं ती पेस्ट बोळ्यानं खरवडून काढली, आणि मी मुलीला धरलं. दुसऱ्यांच्या पोरांना धरायचो, अगदी तसंच.

मग एक दिवसाआड ड्रेसिंग सुरू झालं. ते कसं व्हायचं ते मी स्पष्ट लिहितो, कारण ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांना वाटतं की ड्रेसिंग म्हणजे पट्टी बदलणं. आधीच्या वेळची जाळीची पट्टी सुकून जखमेला चिकटलेली असायची. कंपाउंडर तिचं टोक पकडायचा आणि ओढायचा. पट्टीबरोबर नुकती धरलेली कातडी यायची. पाच मिनिटांत काम उरकायचं, कारण बाहेर माणसं ताटकळलेली. आधी दुखायचं औषध नाही, पट्टी भिजवणं नाही, काही नाही. दुखण्यावर एकच इलाज होता, तो म्हणजे मी.

तिसऱ्या ड्रेसिंगला ती ओरडली नाही. टेबलावर बसल्या बसल्या मान मागे वळवून माझ्याकडे बघत म्हणाली, "पप्पा, सोडा ना मला. मी नाही हलणार, खरंच."

"छोडना मत," कंपाउंडर म्हणाला.

मी सोडलं नाही. सात वर्षांची पोर मला समजुतीनं काहीतरी सांगत होती, आणि मी एका परक्या माणसाचं ऐकलं. उलट तिचे हात आणखी घट्ट आवळले.

त्या दिवशी बायकोनं डॉक्टरांना विचारलं, की हिला दुखू नये म्हणून आधी काही देता येत नाही का? डॉक्टर हसले. म्हणाले, अहो ताई, जखम छान भरतेय, लहान मुलांना काय कळतं, दोन मिनिटांत विसरतात. बायकोनं माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं असेल, मी काहीतरी बोलेन. मी म्हणालो, "होईल गं. चल." मी त्या दवाखान्यातला पहलवान होतो. माझ्याच पोरीसाठी औषध मागायचं म्हणजे माझी पकड कमी पडली, असं काहीसं माझ्या डोक्यात होतं. किती नालायक विचार होता तो! आणि मुलगी कडेवर होती, सगळं ऐकत होती.

दोन मिनिटांत विसरली असती तर घरी आल्यावर माझ्याजवळ आली असती. ती माझ्या हातचा घास घेईना. मी कामावरून आलो की चटईवरून सरकत सरकत आईच्या पलीकडे जायची. चप्पल घालून द्यायला वाकलो की पाय आखडून घ्यायची, दोन्ही पाय, भाजलेला आणि न भाजलेलाही.

बायको चिडून तिला घेऊन बहिणीकडे गेली. मेहुणी बदलापूरजवळ सोनिवलीला नव्या बिल्डिंगमध्ये राहते. तिथे मुलीला पाय पसरून बसायला जागा होती आणि माझं तोंड दिसत नव्हतं. पण ड्रेसिंग आमच्याच डॉक्टरांकडे, म्हणून ठरलेल्या दिवशी सकाळी मी त्यांना न्यायला गेलो. जाताना शर्टाच्या खिशात एक गोळी घेतली.

ती माझी पाठदुखीची गोळी. वर्कशॉपजवळच्या मेडिकलवाल्याकडून मी अशा गोळ्या आणतो, दोन मागितल्या तर तो दोनच कात्रीनं कापून देतो. त्या तुकड्यावर औषधाचं नाव नसतं, नुसता चंदेरी कागद. गोळीच्या मधोमध एक रेघ होती. मोठ्या माणसाला एक, तर पोरीला अर्धी, असा हिशेब मी केला. ती रेघ त्याच्यासाठीच तर असते, असं मला वाटलं. रेघेवर गोळी मोडली, चमच्यात साखरेबरोबर चुरली आणि मेहुणीकडून मुलीला पाजवली. माझ्या हातून ती प्यायली नसती. रिकाम्या पोटी पाजवली, कारण निघायची घाई होती. बायको तेव्हा आंघोळीला गेली होती, तिला विचारलंही नाही. दवाखान्यात तोंड उघडायची हिंमत नव्हती, म्हणून मी घरात डॉक्टर झालो.

रिक्षा बोलवायच्या आत मुलीच्या पोटात कळ आली. मग उलटी, मग दुसरी उलटी. अंग गार पडलं, ती मान टाकायला लागली. बायको बाहेर आली, तिनं चमचा बघितला, काय पाजलं ते विचारलं, आणि मग सांगितलं. पाय ठणकतो म्हणून पहाटे तिनं मुलीला तापाचं सिरप दिलं होतं, आणि नाक वाहत होतं म्हणून सर्दीचंही. दोन्ही मेडिकलवाल्यानंच दिलेली. वय विचारून "एक ढक्कन" असं सांगितलेली.

मेहुणीची मुलगी दहावीत होती. तिनं दोन्ही बाटल्या खिडकीपाशी नेल्या आणि मागची बारीक अक्षरं वाचली. "मावशी," ती म्हणाली, "दोन्हीत औषध एकच आहे. नाव वेगळं आहे फक्त." घरात आम्ही तीन मोठी माणसं होतो. त्या बाटल्यांची मागची बाजू आमच्यापैकी एकानंही कधी बघितली नव्हती.

मेहुणीच्या ओळखीच्या एक लहान मुलांच्या डॉक्टर बदलापुरात होत्या, तिथे आम्ही मुलीला उचलून पळालो. वयानं माझ्याहून लहान बाई. त्यांनी तपासलं, आणि मग मुलीला वजनकाट्यावर उभं केलं. एकोणीस किलो. इतके दिवस आम्ही औषधपाणी करत होतो, आणि तिचं वजन कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. मी बटाटे आणतो ते वजनावर आणतो! त्यांनी दोन्ही बाटल्या मागितल्या, गोळीचा कागद मागितला. मी तो चंदेरी तुकडा पुढे केला. त्यावर काहीच नव्हतं, म्हणून मला मेडिकलवाल्याला फोन करून नाव विचारावं लागलं. ते ऐकून त्या म्हणाल्या, की ही मोठ्यांची गोळी आहे, हिच्यात दोन औषधं आहेत, आणि त्यातलं एक तर सिरपमधलंच. म्हणजे सकाळपासून तेच औषध मुलीच्या पोटात तीनदा गेलं होतं.

"आणि अर्धी गोळी म्हणजे लहान मुलाची गोळी नसते," त्या म्हणाल्या. "ती मोठ्या माणसाचीच अर्धी गोळी असते."

दुपारपर्यंत त्यांनी तिला तिथेच ठेवून घेतलं. रक्त तपासलं, सलाईन लावलं. निभावलं. हेच दोन-तीन दिवस चाललं असतं तर पोट, यकृत, मूत्रपिंड, काहीही धोक्यात आलं असतं, असं त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. मी ऐकून घेतलं, आणि मग माझाच तोल गेला. मी त्यांच्यावर भडकलो. म्हटलं, मग आम्ही करायचं काय? तिथे काहीच देत नाहीत, धरून ठेवा म्हणतात. पोरीची तडफड बघवेना म्हणून दिली गोळी.

"काहीच देत नाहीत?" एवढंच त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, उद्या ड्रेसिंग इथे करू.

दुसऱ्या दिवशी जे बघितलं ते मी जन्मात विसरणार नाही. त्यात विशेष काही नव्हतं, म्हणूनच विसरणार नाही. ड्रेसिंगच्या पाऊण तास आधी मुलीला औषध दिलं, किलोच्या हिशेबानं, सुई नसलेल्या सिरिंजमधून, रेघेपर्यंत मोजून. किती दिलं, किती वाजता दिलं आणि पुन्हा कधी द्यायचं ते कागदावर लिहून बायकोच्या हातात दिलं. मग मुलीला आडवं पाडलं नाही, आईच्या मांडीवर बसवलं. नर्सनं सलाईनच्या पाण्याची बाटली मुलीच्याच हातात दिली आणि सांगितलं, तुझी पट्टी तूच भिजव, सुटेपर्यंत ओतत राहा. आणि दुखलं तर हात वर कर, आम्ही थांबू.

मी सवयीनं पुढे झालो. डॉक्टर म्हणाल्या, "तुम्ही धरू नका. समोर स्टुलावर बसा, तिला दिसाल असे."

मुलीनं चार वेळा हात वर केला. पहिल्यांदा तर मला वाटतं, तिनं नुसतं थांबतात का ते बघायला केला. चारही वेळा सगळे थांबले. पट्टी ओली होऊन आपोआप सुटून आली. ती रडली, नाही असं नाही. पण तिनं आकांत केला नाही, आणि शेवटी तिनं स्वतः वाकून आपली जखम बघितली. इतक्या दिवसांत तिनं ती बघितलीच नव्हती. तिचं तोंड तर मी दाबून दुसरीकडे वळवून धरायचो.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्या स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसलो होतो. एवढंच होतं? एक बाटली पाणी, चमचाभर औषध आणि तास-दीड तास? यासाठी माझ्या पोरीनं हाल सोसले? कॅम्प एकमध्ये पाणी नव्हतं की वजनकाटा नव्हता? होतं सगळं. नव्हतं ते एवढंच, की पोर ओरडतंय म्हणजे त्याला दुखतंय, हे मान्य करणारं कुणी. आणि त्या कुणीमध्ये मी पहिला. मोठ्या माणसाचा दात काढायचा तर आधी हिरडी बधिर करतात. मी स्वतः बोटाला टाके घेतले तेव्हा कंपाउंडरनं मला विचारलं होतं, "सुन्न हुआ क्या, भाऊ?" पोरांना मात्र धरायचं. का, तर ती लहान आहेत, आणि आपण त्यांना धरू शकतो. दुसरं काही कारण मला आजवर सापडलेलं नाही.

सोनिवलीला परतताना, सोबत आलेली मेहुणीची मुलगी रिक्षात बायकोच्या कानाशी काहीतरी बोलली. दर महिन्याला तिच्या पोटात इतकं दुखायचं की आईच्या डब्यातल्या दुखायच्या गोळ्या ती दोन-दोन घ्यायची, शाळेतही न्यायची. घरी सांगितलं होतं, पण सगळ्यांनाच दुखतं असं उत्तर मिळालं, म्हणून तिनं पुन्हा सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात बायकोनं तिलाही त्याच डॉक्टरांकडे नेलं. म्हणजे लहानांना कळत नाही म्हणून औषध नाही, आणि मोठ्या मुलींना सहन करता यायला हवं म्हणून औषध नाही. मग पोरं आपली आपण डबे उघडतात, बाप खिशातून गोळ्या नेतो, आणि काही झालं की आपणच कपाळावर हात मारतो.

त्याच आठवड्यात मी आईला विचारलं, की गळू कापलं तेव्हा मी खरंच रडलो नव्हतो का. आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "नाही कसा? ओरडून ओरडून तुझा आवाज बसला होता. मी बाहेर बाकड्यावर बसून ऐकत होते. तुझा बाप त्या दिवशी जेवला नाही." वडील आता नाहीत. ते ती हूं की चूंची गोष्ट कुणाला पटवत होते, हे मला त्या दिवशी कळलं.

पाय बरा झाला. नडगीवर फिकट डाग राहिला आहे. मुलगी माझ्याशी बोलायला लागली, हातचं खायला लागली, त्याला उन्हाळा उजाडला. चाळीत मी सांगून टाकलं, धरायला मला बोलवायचं नाही. लोकांना वाटलं, आपल्या पोरीचं झाल्यावर याला शिष्टपणा सुचला. त्यांचं काही चुकलं नाही.

गेल्या महिन्यात समोरच्या खोलीतली चार वर्षांची पोर नळाच्या चौथऱ्यावर आपटली, भुवई फाटली. तिची आई इकडेतिकडे न बघता माझ्याच दाराशी आली. मी निघालो. वाटेत तिला सांगितलं, की मी येतो, पण धरायला नाही.

दवाखाना तोच, डॉक्टर तेच, सुईदोरा तयार. मी म्हटलं, आधी बधिर करा. डॉक्टर म्हणाले, तीनच टाके आहेत, बधिर करायला दोन सुया टोचायच्या, त्यापेक्षा तीन टाके पटकन मारून मोकळं करू. हा हिशेब मी वर्षानुवर्षं ऐकला होता, आणि मान डोलावली होती. या वेळी मी दारातच उभा राहिलो. म्हटलं, मग इथे कुणी तिला धरणार नाही, आम्ही हिला घेऊन दुसरीकडे जातो. माझा आवाज इतका चढला की बाहेरची माणसं आत डोकावली. डॉक्टरांनी सुईदोरा खाली ठेवला. मग त्यांनी कपाट उघडलं. कंपाउंडरनं बधिर करणाऱ्या औषधात कापूस भिजवून जखमेवर ठेवला, थांबला, मग बारीक सुईनं हळूहळू औषध सोडलं, पुन्हा थांबला. पोर आईच्या मांडीवर मोबाईलमधलं कार्टून बघत होती. सुईच्या वेळी रडली, टाक्यांच्या वेळी विचारलं, झालं का? सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं गेली.

घरी आलो तर आमची मुलगी अभ्यास करत होती. आता ती अकरा वर्षांची आहे. तिनं वहीतून डोकं वर न काढता विचारलं, "तिला धरलं?"

"नाही."

"मग टाके कसे घातले?"

मी सांगितलं, कापूस, औषध, थांबणं, सगळं. जरा अभिमानानंच सांगितलं, खोटं कशाला बोलू. ती लिहायची थांबली.

"डॉक्टर तेच?"

"तेच."

"म्हणजे औषध त्यांच्या कपाटातच होतं." मग तिनं माझ्याकडे बघितलं. "माझ्या वेळी मम्मीनं त्यांना विचारलं होतं. मी कडेवर होते. तुम्ही का नाही विचारलं?"

मी म्हणालो, मला लाज वाटली. तिनं मान हलवली आणि पुन्हा लिहायला लागली.